उन्हाळी शिबिरात कच्चा लिंबू नको, खरा गडी करा

सोसायटीच्या उन्हाळी शिबिरात स्वमग्न, अतिचंचल किंवा डाउन सिंड्रोम असलेलं मूल आलं की ताई-दादा त्याला कच्चा लिंबू करतात. ते धावतं, पण बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. दोन दिवस हे चालतं. पुढे त्यालाही कळतं आणि बाकीच्यांनाही, की हा खेळात धरलेलाच नाही. म्हणून मुलाला सूट देण्यापेक्षा खेळ बदला.

सुरुवात आई-वडिलांपासून करा. निदानाच्या नावापेक्षा हे विचारा: कोणता आवाज सोसत नाही? ‘नको’ कसं सांगतो? गर्दीतून पळून जातो का? डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउड्या नकोत. शिबिराआधी एकदा मुलाला रिकामं मैदान दाखवा.

दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा: लगोरी, पाणी, चित्रकला, घर. एक गोष्ट झाली की ते चित्र उलटं करायचं. खेळ बदलण्याआधी पाच मिनिटं सांगा. शिट्टीने कान झाकणारं मूल असेल तर रंगीत झेंडा हलवा. तो सगळ्यांनाच दिसतो.

आता लगोरी. या खेळात फोडणं, पळणं, रचणं अशी वेगवेगळी कामं आहेत, म्हणून सुरुवातीला मला हाच खेळ योग्य वाटतो. गट पाच-सहा जणांचे ठेवा, नाहीतर पाळीची वाट बघण्यातच मूल कंटाळून निघून जातं. रबरी चेंडूऐवजी कापडी चेंडू घ्या, किंवा चेंडू न मारता नुसतं हाताने शिवायचं ठरवा. नेम धरायला जमत नसेल तर फोडण्याची रेघ सगळ्यांसाठीच जवळ ओढा. एखाद्याला चकत्या एकावर एक ठेवायला मनापासून आवडतं. रचायचं काम त्याच्याकडे द्या, गट त्याच्यावर विसंबून राहील. थोडा सराव झाला की त्यालाही बाद धरा, बाकीच्यांना धरता तसंच.

‘टाइम प्लीज’ आपल्या मुलांना माहीत असतंच. ते सगळ्यांसाठी पक्कं करा: कुणीही, कधीही, कारण न विचारता. बोलता न येणाऱ्यासाठी हाताची खूण ठरवा. मैदानाच्या कडेला सावलीत एक सतरंजी टाकून ठेवा. ती शिक्षेची जागा नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा.

तरीही कधी मूल किंचाळेल, जमिनीवर लोळेल. तो हट्ट असेलच असं नाही, अनेकदा सगळं सहन होण्यापलीकडे गेलेलं असतं. बाकीच्यांना लांब न्या, कमी बोला, न विचारता धरू नका. मोबाईलवर चित्रण अजिबात नाही. शांत झाल्यावर पाणी द्या. लगेच ‘सॉरी म्हण’ म्हणून मागे लागू नका.

अशा मुलाच्या सोबतीला दिलेला जोडीदार रोज बदला, एकाच शहाण्या मुलीवर सगळा भार टाकू नका.

कुणी प्रवेशच नाकारला तर पालकांनी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ दाखवावा. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता आहेत, आणि खेळ व मनोरंजनातल्या सहभागाचाही त्यात उल्लेख आहे.