कंटेनरमधली सीक्रेट्स: इमेजमध्ये नकोत, फाइलमधून द्या

सीक्रेट्स म्हणजे पासवर्ड, टोकन, की यांसारखी गुप्त माहिती. इमेज म्हणजे अ‍ॅपचा तयार साचा, आणि तिच्यावरून वेगळं चालणारं अ‍ॅप म्हणजे कंटेनर. सुरुवात तपासणीनं करा. सध्या प्रॉडक्शनमध्ये चालू असलेली इमेज घ्या आणि ‘डॉकर हिस्टरी’ ही कमांड ‘नो-ट्रंक’ पर्याय लावून चालवा. डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवण्याच्या सूचनांची फाइल) ‘आर्ग’ या बिल्डच्या वेळच्या व्हेरिएबलमधून टोकन दिलं असेल, तर त्यानंतरच्या ‘रन’च्या ओळीत ते जसंच्या तसं छापलेलं दिसेल. ‘एन्व्ह’नं (इमेजमध्ये राहणारं व्हेरिएबल) ठेवलेला पासवर्ड ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये दिसतो. म्हणजे रजिस्ट्रीतून (इमेज साठवणारा सर्व्हर) ही इमेज ज्याला पुल, म्हणजे डाउनलोड, करता येते, त्याच्या हातात तुमची की आहे.

फाइल कॉपी करायची आणि पुढच्याच ओळीत पुसायची, हा सर्रास केला जाणारा उपाय फुकट आहे. प्रत्येक ‘कॉपी’चा आणि ‘रन’चा वेगळा लेयर (इमेजचा थर) बनतो. वरचा लेयर फाइल फक्त झाकतो, खालच्या लेयरमध्ये ती तशीच राहते. ‘डॉकर सेव्ह’नं इमेजची टार फाइल काढून लेयर उलगडले की ती शाबूत सापडते. मल्टी-स्टेज बिल्डनं (टप्प्यांत बिल्ड करून शेवटी फक्त लागणाऱ्या फाइल्स घेणं) शेवटची इमेज स्वच्छ राहते खरी, पण आधीच्या स्टेजचे लेयर बिल्ड कॅशमध्ये उरतात. तो कॅश ‘मोड=मॅक्स’ (सगळ्या स्टेजचे लेयर घेणारा पर्याय) लावून रजिस्ट्रीत पाठवत असाल, तर ते लेयरही बाहेर जातात.

खाजगी पॅकेजेस ओढायला बिल्डच्या वेळी टोकन लागतंच. त्यासाठी बिल्डकिटचा (डॉकरचं इमेज बनवणारं साधन) सीक्रेट माउंट, म्हणजे सीक्रेटची फाइल तात्पुरती जोडण्याची सोय, आहे. डॉकर इंजिन २३ पासून लिनक्सवर बिल्डकिटच डीफॉल्ट आहे. ‘रन’च्या ओळीत ‘टाइप=सीक्रेट’ असा माउंट लिहून त्याला आयडी द्या, आणि बिल्ड करताना ‘सीक्रेट’ पर्यायानं त्याच आयडीला तुमच्याकडची फाइल जोडा. ती ‘/रन/सीक्रेट्स’खाली तेवढ्या एका ओळीपुरती दिसते आणि लेयरमध्ये उतरत नाही. मात्र त्या ओळीतल्या कमांडनं टोकन स्वतःच कुठे लिहून ठेवलं, तर बिल्डकिट काही करू शकत नाही. नेहमीचं उदाहरण ‘गिट क्लोन’चं: यूआरएलमध्ये टोकन घातलं की ते ‘.गिट/कॉन्फिग’मध्ये कायमचं बसतं. ‘.डॉकरइग्नोर’मध्ये (बिल्डला द्यायच्या नसलेल्या फाइल्सची यादी) ‘.एन्व्ह’, ‘.गिट’ आणि की फाइल्सची नावं आजच टाका.

आता चालत्या कंटेनरबद्दल. एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल सोयीचं असतं, तरी आमचा सल्ला फाइलचाच आहे. व्हेरिएबल प्रत्येक चाइल्ड प्रोसेसला वारशानं मिळतं, ‘/प्रोक/१/एन्व्हायरॉन’मध्ये वाचता येतं, आणि एखादी एरर-रिपोर्टिंग लायब्ररी क्रॅशच्या वेळी सगळी व्हेरिएबल्स लॉगमध्ये ओतते. लॉगमध्ये गेलेला पासवर्ड किती ठिकाणी पोचला हे नंतर शोधत बसावं लागतं. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये पासवर्डच्या व्हेरिएबलच्या नावाला ‘अंडरस्कोर फाइल’ जोडलं की ती किंमत फाइलमधून वाचते. आपल्या अ‍ॅपमध्येही हीच पद्धत ठेवा. दहा-बारा ओळींचं काम आहे.

फाइलवर आलात की दोन अडचणी हमखास येतात. पहिली परवानगीची. कुबरनेटीसमध्ये (मशीनच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, कंटेनर चालवणारी प्रणाली) सीक्रेट व्हॉल्यूमच्या फाइल्स रूटच्या मालकीच्या असतात. अ‍ॅप नॉन-रूट युजरनं चालतं आणि मोड ०४०० (फक्त मालकाला वाचता येईल असा) दिला असेल, तर ‘परमिशन डिनाइड’ येतं. पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये ‘एफएसग्रुप’ (फाइल्सचा ग्रुप ठरवणारी सेटिंग) द्या आणि मोड ०४४० (मालक आणि ग्रुप दोघांना वाचता येईल असा) ठेवा. मॅनिफेस्ट (कुबरनेटीसला काय हवं ते सांगणारी फाइल) जेसनमध्ये असेल तर ऑक्टल (आठच्या पायाचा आकडा) चालत नाही, तिथे ०४४० ऐवजी दशमान २८८ लिहा.

दुसरी अडचण जास्त वेळ खाते. पासवर्ड बरोबर, युजर बरोबर, तरी डेटाबेस लॉगिन नाकारतो. अशा वेळी कंटेनरमध्ये जाऊन त्या फाइलवर ‘डब्ल्यूसी -सी’ ही बाइट मोजणारी कमांड चालवा. पासवर्ड १६ अक्षरी आणि उत्तर १७ आलं, तर शेवटी न्यूलाइन चिकटली आहे. ‘एको’ ती स्वतःहून जोडतो. फाइल बनवताना ‘एको -एन’ किंवा ‘प्रिंटएफ’ वापरा, आणि अ‍ॅपमध्ये वाचताना शेवटची न्यूलाइन छाटा.

कुबरनेटीसच्या सीक्रेटमधलं बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. एका कमांडनं ते उलटं होतं. ते मॅनिफेस्ट गिटमध्ये टाकणं म्हणजे पासवर्ड उघडा टाकणं. गिटमध्ये ठेवायचंच असेल तर सॉप्स किंवा सील्ड सीक्रेट्स ही एन्क्रिप्ट करणारी साधनं वापरा, पण सील्ड सीक्रेट्सच्या कंट्रोलरच्या प्रायव्हेट कीचा बॅकअप क्लस्टरबाहेर हवा. क्लस्टर गेला आणि की नसेल, तर गिटमधलं काहीच उलगडणार नाही.

स्वतः चालवत असलेल्या क्लस्टरमध्ये एटसीडीतली (कुबरनेटीसचा डेटाबेस) सीक्रेट्स मुळात एन्क्रिप्ट केलेली नसतात. एपीआय सर्व्हरला एन्क्रिप्शन कॉन्फिगरेशनची फाइल द्यावी लागते. ती दिल्यावर फक्त नवीन लिहिलेली सीक्रेट्स एन्क्रिप्ट होतात, म्हणून जुनी सगळी ‘गेट’ करून ‘रिप्लेस’नं परत लिहा. ही पायरी बऱ्याचदा राहून जाते. आरबॅकमध्ये (कोणाला काय करता येईल ते ठरवणारे नियम) ‘लिस्ट’ची परवानगी निरुपद्रवी वाटते, पण तिच्यानं मजकूरही मिळतो. शिवाय एखाद्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरचा वेगळा केलेला कप्पा) पॉड बनवता येणारा माणूस तिथलं कुठलंही सीक्रेट माउंट करून वाचू शकतो. म्हणून वेगवेगळ्या टीमची सीक्रेट्स वेगवेगळ्या नेमस्पेसमध्येच ठेवा.

रोटेशनची (जुनं सीक्रेट बदलून नवं आणण्याची) सोय पहिल्याच दिवशी करा. व्हॉल्यूम म्हणून माउंट केलेलं सीक्रेट बदललं की पॉडमधली फाइल थोड्या वेळानं आपोआप बदलते. व्हेरिएबल पॉड रीस्टार्ट होईपर्यंत जुनंच राहतं. ‘सबपाथ’नं (व्हॉल्यूममधला एखादाच भाग जोडणं) माउंट केलेली फाइलही बदलत नाही. अ‍ॅपनं ती सुरुवातीला एकदाच वाचली, तर नव्या फाइलचा उपयोग नाही; कनेक्शन उघडताना दर वेळी वाचा. क्रम असा: नवी की काढा, काही काळ दोन्ही चालू ठेवा, नवी सगळीकडे पोचवा, जुनीचा वापर शून्यावर आलाय हे सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहा, मगच जुनी रद्द करा. डॉकर स्वॉर्ममध्ये (डॉकरची स्वतःची क्लस्टर प्रणाली) सीक्रेट जागच्या जागी बदलता येत नाही. नव्या नावानं बनवून ‘सर्व्हिस अपडेट’मध्ये जुनं काढा आणि नवं जोडा.

की फुटली, तर गिटची हिस्टरी साफ करायला आधी बसू नका. क्लोन झालेल्या प्रतींवर तुमचा हात पोचत नाही. इथे वरचा निवांत क्रमही चालत नाही: नवी की काढून लगेच पोचवा आणि जुनी तत्काळ रद्द करा, थोडा वेळ सेवा अडली तरी चालेल. मग की कमिट झाल्यापासून रद्द होईपर्यंतचे तिच्या वापराचे लॉग चाळा. अनोळखी आयपी, कधी न वापरलेले एपीआय कॉल, आणि त्या कीनं बनवलेले नवे युजर किंवा नव्या की. शेवटची गोष्ट सर्वांत आधी शोधा, कारण मूळ की रद्द केली तरी तिच्यापासून बनवलेली दुसरी की चालूच राहते.