तुलनात्मक साहित्यात बी.ए.: नागपूरहून जादवपूरला

बारावीनंतर तुलनात्मक साहित्य घ्यायचं म्हटलं की घरून दोन प्रश्न हमखास येतात. "म्हणजे नेमकं काय शिकणार?" आणि "पुढे काय?" दुसऱ्याचं उत्तर शेवटी देते, ते फारसं गोड नाही. पहिल्याबद्दल मात्र बोलण्यासारखं बरंच आहे. मी हा विषय नागपूरहून कोलकात्याला जाऊन, जादवपूर विद्यापीठात शिकले. या विषयाबद्दल फोन करणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांना वाटतं की हे इंग्रजी साहित्यच, फक्त यादीत रशियन आणि फ्रेंच नावं जास्त. या समजुतीने आलेल्यांचं पहिलं सेमिस्टर अवघड जातं.

जादवपूरचा तुलनात्मक साहित्य विभाग 1956 मध्ये बुद्धदेव बसूंनी सुरू केला. हा माणूस स्वतः बंगाली कवी, आणि त्यांनी कालिदासाचं मेघदूतही बंगालीत आणलं, फ्रेंच कवी बोदलेरही. विभागाचा स्वभाव त्यावरून कळावा. त्याच्याही मागे जायचं तर 1907 मध्ये, वंगभंगाच्या चळवळीच्या धामधुमीत, रवींद्रनाथांनी राष्ट्रीय शिक्षा परिषदेत 'विश्वसाहित्य' या विषयावर व्याख्यान दिलं होतं. त्याच परिषदेच्या परंपरेतून पुढे 1955 मध्ये हे विद्यापीठ उभं राहिलं. एवढं सांगायचं कारण, इथे इंग्रजी हे साहित्य मोजायचं माप नाही. ते अनेकांतलं एक आहे. वर्गात शिक्षक बंगालीतून इंग्रजीत आणि परत बंगालीत कधी जातात ते कळत नाही. सुरुवातीला तुम्ही गोंधळणार, ते गृहीत धरूनच या.

अभ्यासक्रम बदलत असतो, आता तर पदवीही चार वर्षांची झाली, त्यामुळे विषयांची यादी देत बसत नाही. वळण साधारण असं असतं: आधी महाकाव्यं आणि प्राचीन नाटक, मग मध्ययुग आणि भक्तिकाव्य, मग साहित्यप्रकार, आधुनिक काळ, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका, आणि या सगळ्यातून वाहत राहणारा अनुवादाचा प्रश्न. माझ्यापुरतं डोकं उघडलं ते मायकेल मधुसूदन दत्तांच्या 'मेघनादवध काव्या'ने. 1861 सालचं हे काव्य. गोष्ट रामायणातलीच, पण कवीचा जीव रावणाच्या मुलात गुंतलेला. मधुसूदनांनी होमर, व्हर्जिल, मिल्टन हे युरोपातले महाकवी वाचलेले होते. ते काव्य शिकताना बाजूला वाल्मीकी, कृत्तिवासाचं बंगाली रामायण आणि होमरच्या इलियडचे उतारे. मग प्रश्न असा येतो: होमरकडून नेमकं काय उचललं, आणि कृत्तिवासावर वाढलेल्या वाचकाला ते कसं पचलं? "प्रभाव पडला" एवढं लिहून सुटका होत नाही. कुठल्या वाटेने, कोणाच्या हातून, कशासाठी, हे दाखवावं लागतं.

नवख्यांच्या निबंधात नेमकी हीच वाट गायब असते. आपल्याकडची मुलं पहिल्या वर्षात हटकून एक विषय घेतात: दलित साहित्य आणि कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य. विषय उत्तमच आहे. पण लिहिताना पानाचे दोन भाग करतात, डावीकडे साम्य, उजवीकडे भेद. दोन्हीकडे अन्याय, दोन्हीकडे विद्रोह, दोन्हीकडे आत्मकथनं. असा निबंध कोणत्याही दोन गोष्टींवर लिहिता येतो, म्हणूनच त्याला अर्थ उरत नाही.

आता हाच विषय वाट शोधत गेलात तर काय हाती लागतं पाहा. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. म्हणजे पुण्यात बसून मराठीत लिहिणारा माणूस अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या घडामोडींकडे डोळे लावून होता. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. निग्रो समाजाच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, आणि द्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. पुढे दलित साहित्याचे समीक्षक म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून औरंगाबादला परतले आणि मिलिंद महाविद्यालयाच्या वर्तुळात कृष्णवर्णीय लेखकांची चर्चा सुरू झाली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती 1966 च्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय अमेरिकन संघटनेवरून नाव घेऊन. आता निबंधाला कणा आला. शंभर वर्षं एक संवाद चालला आहे, तोही बराचसा एकतर्फी. आपण त्यांना वाचत होतो. ते आपल्याला किती वाचत होते? हा प्रश्न विचारलात की तुम्ही तुलनात्मक साहित्य करायला लागलात.

आणि इथेच मराठी मुलाचं पारडं जड असतं. ही सामग्री मराठीत आहे. वर्गात बाकीचे अनुवादावर अवलंबून असतात, तुम्ही मूळ वाचता. इंग्रजी माध्यमात शिकून मराठीशी फक्त बोलण्यापुरतं नातं ठेवलेली मुलं हे भांडवल गमावून बसतात. माझा स्पष्ट सल्ला: जाण्याआधीच्या सुट्टीत इंग्रजी सिद्धान्ताच्या पुस्तकांवर पैसे घालू नका. तुकाराम, फुले, केशवसुत, मर्ढेकर वाचा, नीट, पेन्सिल हातात घेऊन. जर्मन कवी गटेचं 1827 मधलं जागतिक साहित्याबद्दलचं बोलणं, समीक्षक रेने वेलेकचं 1958 चं गाजलेलं भाषण, या विषयातलं फ्रेंच घराणं विरुद्ध अमेरिकन घराणं, हे सगळं अभ्यासक्रमात येतंच. हाताशी एखादं साहित्य असेल तरच त्या वादात रस वाटतो, नाहीतर ती नुसती नावं राहतात.

नागपूरकर म्हणून मला एक प्रसंग चांगलाच लक्षात राहिला. बंगालमध्ये मुलांना झोपवताना एक जुनं गाणं म्हणतात, त्यात बर्गी येतात, धान फस्त होतं आणि शेतसारा कसा भरायचा असा प्रश्न पडतो. बर्गी म्हणजे मराठ्यांचे स्वार, आपल्याकडचे बारगीर. लोकसाहित्याच्या तासाला हे गाणं निघालं आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळून हसू लागला. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा, त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, बंगालचा नवाब अलिवर्दीखानाशी लढाया, हे मी शाळेत नकाशावरचे बाण म्हणून शिकले होते. इथे गंगारामाचं 'महाराष्ट्र पुराण' वाचायला मिळालं. 1751 च्या सुमाराचं हे बंगाली काव्य, त्यात गावं सोडून पळणारी माणसं आहेत, जळणारी घरं आहेत. अंगावर काटा आला, हे खरं.

पण तुलनेचा अभ्यास तिथे थांबू देत नाही. त्याच बंगालमध्ये 1904 मध्ये रवींद्रनाथ 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहितात, शिवाजी महाराजांना भारत जोडणारा पुरुष म्हणून साद घालतात. ती लिहिली जाते सखाराम गणेश देउस्करांच्या पुस्तिकेसाठी. देउस्कर हे आजच्या झारखंडमधल्या देवघर गावी स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले, आणि लिहीत बंगालीत. त्यांचं 'देशेर कथा' त्याच वर्षी आलं, स्वदेशीच्या काळात प्रचंड वाचलं गेलं आणि 1910 मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. एकाच भाषेत मराठा म्हणजे लुटारूही आणि राष्ट्रनायकही. एक प्रतिमा दुसरीला पुसत नाही, दोन्ही एकाच वेळी नांदतात. एक पाळण्याशी, एक सभेत. माझा शेवटच्या वर्षाचा प्रबंध यावरच झाला. देउस्करांचं नाव नागपुरात किती जणांना माहीत आहे, हे घरी परतल्यावर विचारून पाहिलं. जाऊ दे.

बंगाली शिकण्याबद्दल. शिकावीच लागते, कोणी सक्ती करत नाही तरीही. लिपीची रचना आपल्या ओळखीची आणि तत्सम शब्द भरपूर, त्यामुळे वर्तमानपत्र लवकर वाचता येतं. बोलणं कानावर पडून येतं, गरियाहाटच्या बाजारात जास्त येतं. तिसरी एखादी भाषाही घ्या. कोलकात्यात फ्रेंच, जर्मन शिकायच्या जुन्या संस्था आहेत, गोलपार्कच्या रामकृष्ण मिशनच्या संस्थेत भाषांचे वर्ग चालतात, विद्यापीठातही संध्याकाळचे वर्ग असतात. पण कृपा करून "स्पॅनिश छान वाटते" म्हणून घेऊ नका. ज्या भाषेतलं एखादं पुस्तक मुळातून वाचायची ओढ आहे ती घ्या, नाहीतर प्रमाणपत्र मिळतं आणि वर्षभरात क्रियापदंही विसरतात. पुस्तकांसाठी कॉलेज स्ट्रीट आहेच. घासाघीस करा, आपण पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात करतो तशीच.

राहण्याखाण्याचं थोडक्यात: विद्यापीठाची फी खासगी महाविद्यालयांच्या तुलनेत अगदीच कमी आहे, खर्च होतो तो खोलीचा. गीतांजली एक्स्प्रेस नागपूर, बडनेऱ्याहून थेट हावड्याला जाते. पूजेच्या सुट्टीचं आरक्षण मात्र खिडकी उघडल्या दिवशीच करा.

आता तो दुसरा प्रश्न. प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या यूजीसी-नेट परीक्षेत तुलनात्मक साहित्य हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे संशोधनाची वाट मोकळी आहे. हैदराबाद, शांतिनिकेतन, सुरत इथेही या विषयाची केंद्रं किंवा विभाग आहेत. मुंबई विद्यापीठात तर टागोरांच्या नावाचं तुलनात्मक साहित्याचं अध्यासन आहे, वसंत बापट आणि भालचंद्र नेमाडे दोघांनीही ते भूषवलं. पण आपल्याकडच्या महाविद्यालयात नोकरी हवी असेल तर जाहिरातीत मराठी किंवा इंग्रजी असा विषय लिहिलेला असतो. तेव्हा एम.ए. कशात करायचं हे पदवी चालू असतानाच ठरवा. शाळेत शिकवायचं असेल तर आणखी सावध, तुलनात्मक साहित्य हा शालेय विषय नाही; बी.एड.ला तुमची पदवी कोणत्या विषयात धरतील हे आधी लेखी विचारून घ्या. स्पर्धा परीक्षांना जिथे कोणतीही पदवी चालते तिथे अर्थातच अडचण नाही.

बाकीचे आम्ही प्रकाशनगृहांत संपादन, उपशीर्षकं, पत्रकारिता, संग्रहालयं, अनुवाद अशा कामांत विखुरलेले आहोत. अनुवादाचं सांगते. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले त्याला किती काळ लोटला, तरी बंगालीतून थेट मराठीत करणारे आजही मोजकेच. काम आहे, पैसे तुटपुंजे आहेत. मी दिवसा दुसरी नोकरी करते आणि रात्री अनुवाद. घरी हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिसऱ्या वर्षी फोनवर वाद होत नाहीत.

मराठी पुस्तकं सामानात किती न्यायची, हे विचारणाऱ्यांसाठी: रोज लागणारी तेवढीच न्या. अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मराठी विभाग आहे, आणि 1954 च्या कायद्यानुसार देशातल्या प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाची प्रत तिथे पाठवायची असते. नागपुरात न सापडलेली दोन जुनी पुस्तकं मला तिथे मिळाली. वाचक-ओळखपत्र पहिल्याच महिन्यात काढून घ्या आणि सकाळी लवकर जा. मागणी नोंदवल्यापासून पुस्तक टेबलावर यायला वेळ लागतो.