तोतोराच्या दाटीत 'सात रंग' कसा शोधावा

सिएते कोलोरेस, म्हणजे सात रंग: टॅचुरिस रुब्रिगास्त्रा या पक्ष्याला चिली-अर्जेंटिनात याच नावाने ओळखतात. आकाराने आपल्या चष्मेवाल्याएवढा, जेमतेम 11 सेंमी, वजन 7-8 ग्रॅम. टायरंट फ्लायकॅचरांचा हा गट फक्त अमेरिका खंडांत आढळतो. आपल्या माशीमारांशी त्याचं जवळचं नातं नाही.

बहुतेकांची चूक इथेच होते. माशीमार म्हटला की नजर उघड्या फांदीकडे जाते. हा मात्र तोतोराच्या, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या उंच लव्हाळ्याच्या, दाटीत राहतो आणि देठांवरचे, पाण्यालगतचे किडे टिपत फिरतो. त्यामुळे शेंडे सोडा आणि देठ पाण्यात शिरतात तिथून वरचा गुडघाभर पट्टा न्याहाळा.

पेरूच्या लिमा शहरातली पांतानोस दे व्हिया ही पाणथळ जागा, चिलीत सँटियागोच्या उत्तरेची बातुकोची पाणथळ जागा आणि पेरूतल्या पुनोजवळचा टिटिकाका सरोवराचा काठ या जागा चांगल्या. टिटिकाका 3,800 मीटरवर आहे, तिथली हवा विरळ, तेव्हा पहिला दिवस विश्रांतीचा ठेवा.

उजाडताच पोचा. वारा सुटला की सगळे देठ हलू लागतात आणि पक्ष्याची हालचाल त्यात हरवते. चिलीच्या किनाऱ्याजवळ दुपारी वारा हमखास असतो. तोतोरा आणि मोकळं पाणी जिथे भिडतात, अशा अरुंद फटीसमोर वीस मिनिटं तरी निश्चल उभे राहा. चालत शोधलं तर तो आत सरकतो. 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते, पण ती 2 मीटरवरही फोकस होणारी हवी, कारण पक्षी अनेकदा अगदी पायाशी येतो.

ओळख पटवताना आधी पिवळी भुवई, निळसर काळा गाल आणि छातीच्या बाजूचा काळा पट्टा पाहा. पोट पिवळं, पाठ हिरवी, शेपटीखाली नारिंगी-लाल. डोक्यावरचा लाल तुरा बहुधा झाकलेला असतो, त्याची वाट पाहू नका. नर-मादी सारखेच दिसतात, पिल्लं फिकी. त्याच दाटीतून दगडावर दगड आपटल्यासारखी टकटक आली, तर तो रशबर्ड नावाचा तपकिरी पक्षी, वेगळ्या कुळातला.

फोटोसाठी एकच फोकस बिंदू निवडा, नाहीतर कॅमेरा पुढचा देठच पकडतो. शटर 1/1000 सेकंद किंवा अधिक वेगवान ठेवा.

चिलीत विणीचा हंगाम साधारण सप्टेंबर ते जानेवारी. घरटं एकाच देठाला चिकटवलेलं, खाली निमुळतं होणारं, सुक्या लव्हाळ्याच्या ओल्या तुकड्यांचं; वाळल्यावर पुठ्ठ्यासारखं घट्ट आणि गुळगुळीत. बांधणी अप्रतिम आहे, पण सगळा भार त्या एका देठावर असतो. फोटोसाठी देठ बाजूला सारला किंवा होडी दाटीत घुसवली, तर अंडी पाण्यात जातात. म्हणून या काळात आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवू नका आणि चोचीत लव्हाळ्याचा तुकडा घेतलेला पक्षी दिसला की तिथून मागे फिरा.