पावडरीआधी ताट: घरच्या जेवणावर शरीर कसं कमवावं

जिममध्ये नाव घातलं की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, "प्रोटीन कुठलं घेतोस?" उत्तरात प्रोटीन पावडरच्या एखाद्या डब्याचं नाव यावं अशी अपेक्षा असते. सकाळी पोहे, दुपारी पातळ आमटी-भात, संध्याकाळी चहा-खारी आणि रात्री पोळी-भाजी खाणाऱ्याला डब्याने थोडा हात दिला, तरी मूळ खड्डा ताटातच राहतो. तो आधी भरू.

आपला आकडा काढा

राष्ट्रीय पोषण संस्थेने सामान्य प्रौढासाठी सुचवलेलं प्रमाण दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं एवढं आहे. वजनं उचलून स्नायू वाढवायचे तर साधारण १.६ ग्रॅम धरावेत. त्याहून बरंच जास्त खाऊन बहुतेकांना फारसा वाढीव फायदा मिळत नाही. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला दिवसाला १०४ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हा आकडा आधी डॉक्टरांना दाखवा.

ताट मोजा

स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या आणि एक आठवडा सगळं कच्चं असताना मोजा. पहिला धक्का बसतो तो वरणाचा. चार माणसांच्या घरात १०० ग्रॅम तूरडाळ शिजली तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ ग्रॅम डाळ, म्हणजे जेमतेम साडेपाच ग्रॅम प्रथिनं येतात. "आम्ही रोज डाळ खातो" या वाक्यात एवढंच असतं. आमटी घट्ट करा किंवा दोन वाट्या घ्या. त्याहून सोपं म्हणजे आठवड्यातून चार-पाच दिवस आमटीच्या जागी उसळ आणा.

शाकाहारी माणसाचा १०४ ग्रॅमचा दिवस असा बसतो. सकाळी ६० ग्रॅम मुगाची धिरडी आणि पाव लिटर दूध, मिळून २२ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी (१२० ग्रॅम पीठ), ५० ग्रॅम मटकीची उसळ आणि २०० ग्रॅम दही, झाले ३०. संध्याकाळी खारीला सुट्टी देऊन ५० ग्रॅम फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे, १७. रात्री दोन पोळ्या, ३० ग्रॅम सोयावडीची रस्साभाजी आणि एक वाटी घट्ट वरण, २८. झोपण्याआधी पुन्हा पाव लिटर दूध, ८. बेरीज १०५.

यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित माल सोयावडी आहे. कोरड्या वडीत निम्म्याहून किंचित जास्त वजन प्रथिनांचंच असतं. तिचा वास आवडत नसेल तर गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून घ्या आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाका, खिम्यासारखी लागते.

अंडी-मासे चालत असतील तर गणित फारच सोपं होतं. एका अंड्यात सहा ग्रॅम धरा, बलक फेकू नका. बोनलेस चिकन किंवा बांगडा १०० ग्रॅम घेतला तर वीसच्या आसपास येतात. तारली स्वस्त असते आणि गुणाने सुरमईला हार जात नाही. घरात सुके बोंबील असतील तर कोकणातल्या आजीने प्रथिनांचा प्रश्न आधीच सोडवून ठेवलाय असं समजा.

एकदम कडधान्यं वाढवली की पोट फुगतं, आणि मग "मला डाळी सोसत नाहीत" असा निष्कर्ष निघतो. रात्रभर भिजवून मोड आणा, नीट शिजवा आणि प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढवा.

उपवासाचं काय? साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. आठवड्यात दोन उपवास करणाऱ्याने त्याऐवजी भगर, दाण्याची घट्ट आमटी, दही आणि दूध असा बेत ठेवावा. उपास मोडत नाही आणि दिवसही वाया जात नाही.

खुराक वाढवा, पण पैलवानाचा नव्हे

प्रथिनं पुरली तरी एकूण जेवण कमी पडलं तर सडपातळ माणसाचं वजन हलत नाही. रोजच्या जेवणावर साधारण ३०० कॅलरी चढवा: ३० ग्रॅम शेंगदाणे आणि एक केळं, किंवा एक भाकरी आणि वर दोन चमचे तूप. कोल्हापूरच्या तालमीतला बदामाची थंडाई, तूप आणि मटणाचा खुराक ऐकायला छान वाटतो. तो पचवायला सकाळ-संध्याकाळ काही तासांची मेहनत असते. ऑफिसात बसून तो खुराक घेतला की दंडाआधी पोट भरतं. ज्यांचं पोट आधीच सुटलेलं आहे त्यांनी ही वाढ करूच नये. नवशिक्याचे स्नायू आहे त्या जेवणात, प्रथिनं पुरेशी असली तर, वाढतात.

आठवड्यातून तीन दिवस, पूर्ण अंगाचा व्यायाम

सोमवारी छाती, मंगळवारी पाठ ही वाटणी सुरुवातीला नको. एक दिवस दांडी पडली की तो स्नायू थेट पुढच्या आठवड्यात भेटतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार जा आणि प्रत्येक दिवशी चार-पाच मोठे व्यायाम करा: स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून छातीवरून वजन वर ढकलणं), रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं), शोल्डर प्रेस (खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलणं), आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं) किंवा पुल-अप (बारला लटकून अंग वर ओढणं) यांपैकी एक. प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, सेटमध्ये ८ ते १२ रेप्स, म्हणजे तेवढ्या वेळा तीच हालचाल. वजन असं निवडा की सेट थांबवताना अजून एक-दोन रेप्सच निघाल्या असत्या. गप्पा मारत बारा होत असतील तर वजन हलकं आहे.

घरी करायचं असेल तर जोर-बैठका उत्तम, पण इथे एक गोची आहे. शंभर बैठका आरामात निघायला लागल्या की दम वाढतो, मांडी फारशी वाढत नाही. आकडा चढवण्यापेक्षा व्यायाम अवघड करा. जोर मारताना पाय खुर्चीवर ठेवा, पाठीवर पुस्तकांची सॅक घ्या. बैठक एका पायावर आणा. मागचा पाय पलंगावर टेकवून पुढच्या पायाने खाली-वर करा. पाठीचे स्नायू घरी हमखास राहून जातात. त्यासाठी जवळच्या मैदानावरचा सिंगल बार गाठा, नाहीतर वीस लिटरचा पाण्याचा कॅन कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून पोटाकडे ओढा. भरलेला कॅन वीस किलोचा असतो. सुरुवातीला अर्धा भरा.

वही ठेवा

या सगळ्यात एकच पायरी निवडायची झाली तर मी ही निवडेन. प्रत्येक व्यायामाचं वजन आणि रेप्स लिहा. तिन्ही सेटमध्ये १२ निघाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा, रेप्स पुन्हा आठवर येतील, तिथून वर चढा. स्नायूला वाढायचं कारण या चढत्या भारातून मिळतं. सहा महिने तेच डंबेल उचलणारा माणूस सहा महिन्यांपूर्वीसारखाच दिसतो, मग तो काहीही पिऊ दे.

वजन सकाळी अनशापोटी करा आणि आठवड्याची सरासरी बघा, रोजच्या चढउताराकडे नको. सुरुवातीच्या काही महिन्यांत महिन्याला किलोभर वाढ चांगली म्हणायची. दोन-तीन आठवडे काटा हलला नाही तर अजून एक भाकरी वाढवा. कमरेचा पट्टा छातीपेक्षा आधी घट्ट झाला तर तूप-शेंगदाण्याला कात्री लावा, प्रथिनांना नाही. झोप सात-आठ तास. रात्रपाळी असेल तर दिवसा अंधार करून तेवढीच.

मग डबा कधी?

व्हे म्हणजे चीज करताना उरलेल्या पाण्यातून काढलेलं दुधाचं प्रथिन. एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम, म्हणजे चार अंडी. लोकलमध्ये दोन-दोन तास जातात, दुपारचं जेवण बाहेर होतं, अशा वेळी सोय म्हणून घ्यायला हरकत नाही. पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का ते तपासा. मास गेनर म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीत बहुतांश स्वस्त कर्बोदकं असतात. त्यापेक्षा केळी घ्या. बीसीएए (प्रथिनांतल्या तीन अमिनो आम्लांची पावडर) तर, पुरेशी प्रथिनं खाणाऱ्यासाठी, रंगीत पाणी आहे. शाकाहारी मंडळींनी एकदा बी-१२ आणि डी जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी, कारण तिथली कमतरता पावडरीने भरत नाही.

खर्च करायचाच असेल तर साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट (जोरकस सेटमध्ये स्नायूंना ताकद पुरवणारी पावडर), रोज तीन ते पाच ग्रॅम. पहिल्या काही आठवड्यांत वजन किलोभर वाढेल. ते स्नायूंत साठलेलं पाणी असतं, म्हणून वहीत क्रिएटिन सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा.