आचारसंहितेत कम्युनिटी रेडिओ: काय लावायचं, काय कापायचं

आचारसंहिता लागली की कम्युनिटी रेडिओच्या, म्हणजे आपल्या परिसरापुरत्या चालणाऱ्या, छोट्या केंद्रावर पहिला विचार ठरलेला: बोलके कार्यक्रम बंद, महिनाभर भावगीतं. डोक्याला ताप नाही. पण नियम एवढं मागत नाही.

नियमाची जात आधी ओळखा. अमेरिकेत १९४९ ते १९८७ या काळात रेडिओ-टीव्हीवर वादाच्या सार्वजनिक विषयांना वेळ द्या आणि विरोधी बाजूही ऐकवा, असा दंडक होता. आपल्या कम्युनिटी रेडिओचा नियम वेगळाच आहे. परवान्याच्या अटींत बातम्या (आकाशवाणीच्या सोडून), चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम यांना थेट मनाई आहे. म्हणून 'दोन्ही उमेदवारांना दहा-दहा मिनिटं दिली की झालं' हा समज आधी डोक्यातून काढा. समतोल राखूनही नियम मोडतोच. उलट, विषय वादाचा आहे म्हणून तो राजकीय होत नाही. सांडपाणी, खड्डे, शाळेची गळकी खोली हे सगळं चालतं. रेघ आपली आपणच आखायची: पक्ष, उमेदवार, चिन्ह, मतदानाचं आवाहन, यातलं काही ऐकू आलं की कात्री.

काही गोष्टींना तर सरकारचं कम्युनिटी रेडिओ धोरणच 'बातमी' मानत नाही: वाहतूक, हवामान, सण-उत्सव, परीक्षा-प्रवेश, नोकरीच्या संधी, स्थानिक खेळ. पाणी, वीज, आपत्ती आणि आरोग्याच्या सूचनाही चालतात, पण स्थानिक प्रशासनाने दिलेल्याच. म्हणजे कोल्हापूरकडच्या राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचं व्हॉट्सॲपवर आलं म्हणून वाचायचं नाही. आधी स्रोत, मग वेळ, मग आकडा: 'जिल्हा प्रशासनाच्या सकाळी आठच्या माहितीनुसार राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी अमुक फूट. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट.' वेळ सांगायची राहिली तर दुपारी हाच तुकडा पुन्हा वाजतो आणि तोवर पाणी कुठच्या कुठे गेलेलं असतं.

आता एक रेकॉर्डिंग उघडून बघू. विषय पंचगंगेचं प्रदूषण, बोलणारा नदीकाठचा शेतकरी:

'नाल्याचं पाणी तसंच नदीत येतंय. म्हशी तोंड लावत न्हाईत. पालिकेनं पाच वर्षं झोपा काढल्या. आमच्या भाऊंनी निवेदन दिलं तवा कुठं सायेब आलं. आता यंदा कुणाला बसवायचं ते आमचं ठरलंय.'

पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी राहतात, भाषाही सुधारायची नाही. तिसरं वाक्य बरीच केंद्रं घाबरून कापतात, ती चूक. कारभारावरची तक्रार हे नागरिकाचं मत आहे. पालिकेच्या संबंधित अधिकाऱ्याला तारीख-वेळ नोंदवून फोन करा आणि उत्तर मिळेल ते जोडा. नाही मिळालं तर 'संपर्क केला, प्रतिसाद मिळाला नाही' एवढंच सांगा. चौथं वाक्य निरुपद्रवी वाटतं, खरा घोटाळा तिथेच आहे. गल्लीत 'भाऊ' म्हणजे कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि ते उमेदवार असतील तर तो फुकटचा प्रचार झाला. 'गावकऱ्यांनी निवेदन दिलं' असं निवेदकाने सांगावं आणि मूळ वाक्य काढावं. पाचव्या वाक्यात तर मतदानाचाच इशारा आहे. शिवाय 'आमचं ठरलंय' हे दोन शब्द कोल्हापुरात २०१९ पासून प्रचाराची घोषणा म्हणूनच ऐकले जातात. बाहेरगावच्या एडिटरला हे कळणार नाही, म्हणून शेवटचं ऐकणं स्थानिक माणसाकडेच ठेवा. (सकाळी 'घड्याळात सात वाजलेत' म्हणणाऱ्या निवेदकाने मात्र उगाच घाम फोडून घेऊ नये.)

कापलेली फाइल आणि मूळ फाइल, दोन्ही ठेवा. वाक्य तोडून अर्थ फिरवला, अशी तक्रार आली तर मूळ फाइलच वाचवते.

फोन-इन शक्यतो थेट नको. फोन आधी रेकॉर्ड करा, नाहीतर प्रश्न लिहून घ्या आणि निवेदकाने वाचावा. थेटच करायचं असेल तर सात ते दहा सेकंदांचा डिले लावा, म्हणजे आवाज तेवढा उशिरा हवेत जातो, आणि आवाज तोडायचं बटण निवेदकाकडे न देता दुसऱ्याकडे द्या. बोलणारा माणूस तोडायला कचरतो. निवेदकाची आणखी एक खोड म्हणजे सवयीने 'हो, अगदी बरोबर' म्हणणं. समोरच्याने पक्षाचं नाव घेतलेलं असताना हा हुंकार केंद्राचं मत ठरतो. फर्माइशीतही 'आमचे लाडके नेते' डोकावतात, तिथे फक्त गाव आणि गाणं वाचा. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचं धावतं वर्णन चालेल, बक्षीस द्यायला आलेल्या उमेदवाराचं भाषण चालणार नाही.

प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपणं बंधनकारक आहे. ६४ केबीपीएस मोनो दर्जाच्या रेकॉर्डिंगला तासाला साधारण २९ एमबी लागतात. रोज बारा तासांचं प्रसारण धरलं तर ९० दिवसांचं ३१ जीबी, म्हणजे एका पेनड्राइव्हचं काम. गडबड होते ती ऑटो-रेकॉर्डिंग जुन्या फाइलवर नवी चढवतं तेव्हा, किंवा संगणकाचं घड्याळ चुकतं तेव्हा. दोन्ही दर सोमवारी तपासा. निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत दाखल करता येते आणि पुढे ती बरीच रेंगाळू शकते, म्हणून प्रचारकाळातलं रेकॉर्डिंग तीन महिन्यांनीही पुसू नका.

मतदान संपण्याआधीचे ४८ तास सगळ्यात नाजूक. बुधवारी सहाला मतदान संपणार असेल तर सोमवारी सहापासून निवडणुकीवर परिणाम करील असं काहीही नको. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. इथे चूक होते ती पुनःप्रसारणात: दोन महिन्यांपूर्वीची मुलाखत रांगेत पडलेली असते, तेव्हाचा साधा पाहुणा आता उमेदवार असतो आणि मंगळवारी दुपारी मशीन ती मुकाट्याने लावतं. उमेदवारांची अंतिम यादी आली की रांगेतली सगळी नावं तिच्याशी ताडून बघा. हे लोकसभा-विधानसभेचं झालं. महापालिका आणि जिल्हा परिषदेसाठी राज्य निवडणूक आयोगाचे आदेश वेगळे, ते त्या त्या वेळी वाचावेत.

उमेदवाराचा माणूस जाहिरातीचा पेनड्राइव्ह घेऊन आला तर कम्युनिटी रेडिओने नम्रपणे परत पाठवावा. खासगी एफएमवर ती लागते, पण एमसीएमसी म्हणजे माध्यम प्रमाणन समितीचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणीकृत पक्ष किंवा उमेदवाराने प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती, साक्षांकित संहिता, निर्मिती आणि प्रसारणाचा खर्च. पैसे चेक किंवा ड्राफ्टनेच. मंजुरीनंतर 'उद्या सभा'चं 'आज सभा' केलं तरी ती नवी जाहिरात धरा.

मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर फुकट वेळ मिळतो, पण तिथेही मजकूर आधी तपासला जातो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना भाषणांतले काही शब्द काढायला सांगितले गेले. त्याच भाषणाच्या हिंदी अनुवादाला हरकत आली नाही, असं येचुरींचं म्हणणं होतं. कात्रीला मोजपट्टी नसली की असं होतं.

म्हणूनच 'तो कार्यक्रम थांबवा' असा फोन आला तर लगेच थांबवायचं नाही, वादही घालायचा नाही. नाव, हुद्दा, वेळ लिहून घ्या आणि विचारा: कोणत्या कलमाखाली, कोणत्या वाक्याला हरकत, लेखी कधी मिळेल? भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालायचं तर राज्यघटनेच्या कलम १९(२) प्रमाणे कायद्याचा आधार लागतो, तोंडी सूचना पुरत नाही. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटलंय. लेखी आदेश आला तर पाळा, त्याची प्रत आणि कार्यक्रमाची मूळ फाइल एकत्र ठेवा, आणि हरकत नेमकी ज्या वाक्यावर होती तेवढं काढून बाकीचा कार्यक्रम लावता येईल का, ते त्याच पत्राच्या उत्तरात विचारा.

मतदानाच्या दिवशी केंद्र बंद ठेवायचं कारण नाही. वेळ, ओळखपत्रं, १९५० ही मतदार हेल्पलाइन, एवढं दर तासाला वाचा.