रिमोटला दिसतात ते फक्त चौकोन

मोबाइल ॲप्स करून टीव्हीकडे वळलेली मंडळी पहिल्याच आठवड्यात हमखास विचारतात, "खालची कळ दाबली, मग फोकस तिरका का गेला?" (फोकस म्हणजे रिमोटने सध्या निवडलेलं बटण किंवा कार्ड.) मी बराच काळ टीव्हीचेच स्क्रीन करतोय, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे: रिमोटला तुमचं डिझाइन दिसत नाही, फक्त बटणांचे आणि कार्डांचे चौकोन दिसतात. रंग, सावली, पोस्टरवरचा हिरो, यातलं काहीच त्या हिशोबात धरलं जात नाही.

हा हिशोब एकदा तरी हाताने करून बघा. अँड्रॉइडच्या व्ह्यू पद्धतीत (स्क्रीनवरचे घटक मांडायच्या पद्धतीत) तो फोकसफाइंडर नावाचा क्लास, म्हणजे कोडचा एक भाग, करतो. सध्याच्या चौकोनाइतका रुंद पट्टा खाली सरळ जातोय असं समजा (डावी-उजवीकडे जाताना चौकोनाच्या उंचीचा). आडव्या दिशेत पट्ट्यातला चौकोन बाहेरच्यावर नेहमी मात करतो. उभ्या दिशेत मात्र अट आहे: पट्ट्यातल्याची जवळची कड बाहेरच्याच्या दूरच्या कडेच्या अलीकडे हवी. ती अट पुरी झाली नाही की अंतर मोजलं जातं: दिशेतल्या अंतराच्या वर्गाची 13 पट, अधिक दिशेला काटकोनात मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेल्या अंतराचा वर्ग. ज्याचा आकडा लहान, त्याला फोकस.

आता 'पाहा' बटणाच्या बरोबर खाली 120 डीपीवर (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या अंतराचं एकक) एक कार्ड आहे. बाजूला, 20 डीपी खाली, 60 डीपी उंचीचं एक फिल्टरचं बटण आहे आणि त्याचा मध्य 150 डीपी सरकलेला आहे. फिल्टरची खालची कड 80 वर संपते, कार्ड 120 वर सुरू होतं, म्हणजे पट्ट्याचा फायदा गेला. कार्डाचा आकडा 1,87,200, फिल्टरचा 27,700. फोकस फिल्टरवर जाणार. तेच फिल्टर 110 डीपी उंच केलं, तर त्याची कड 130 वर जाते आणि कार्ड जिंकतं! डिझायनरने "जरा मोठं दिसू दे" म्हणून उंची वाढवली आणि रिमोटचा रस्ता बदलला, हे असं होतं. सुटका म्हणून नेक्स्टफोकसडाउन (खाली दाबल्यावर कुठे जायचं ते सांगणारी सूचना) लिहून रस्ता हाताने ठरवता येतो, पण पन्नास ठिकाणी ते लिहायची वेळ आली तर मांडणीच चुकली आहे असं मी धरतो.

ॲपल टीव्हीचा स्वभाव वेगळा. तिथे दाबलेल्या दिशेत सरळ काही नसेल तर फोकस जागचा हलत नाही. तिरकं न्यायचं असेल तर मधल्या रिकाम्या जागेत यूआयफोकसगाइड हा अदृश्य चौकोन ठेवावा लागतो.

दोन्हींतला फरक मराठी कीबोर्डवर छान दिसतो. आपली वर्णमाला पाच-पाचाच्या ओळींत आयतीच बसते. 'क'पासून 'म'पर्यंत 5×5 ग्रिड केलं, तर सगळ्यात लांबचा प्रवास 8 कळांचा. तीच 25 अक्षरं एका रांगेत लावली तर 24 कळा. पुढे 'य र ल व श', मग 'ष स ह ळ क्ष', आणि शेवटच्या ओळीत एकटा 'ज्ञ'. 'क्ष'वरून खाली दाबलं आणि खाली दुसरं काही नसेल, तर अँड्रॉइड फोकस थेट डावीकडच्या 'ज्ञ'वर नेतो, ॲपल टीव्ही तिथेच थांबतो. टेस्टर दोन्हींवर बग टाकतो. मी ती ओळ 'स्पेस', 'खोडा' आणि 'शोधा' या रुंद बटणांनी भरून टाकतो, वाद संपतो.

मापांबद्दल थोडक्यात. अँड्रॉइड टीव्हीचा कॅनव्हास 960×540 डीपी. दोन्ही बाजूंना 58 सोडले की 844 उरतात. त्यात 196 रुंदीची चार कार्डं आणि 20 चे तीन गाळे (कार्डांमधल्या मोकळ्या जागा) बरोबर बसतात. फोकस आल्यावर कार्ड 1.1 पट होत असेल तर दोन्ही बाजूंना जवळजवळ 10 डीपी वाढतं, म्हणजे गाळ्याचा अर्धा भाग जातो. गाळा 8 चा ठेवला असता तर फोकसमधलं कार्ड शेजाऱ्यावर चढलं असतं. देवनागरी शीर्षकाची पेटीही इंग्रजीच्या मापाने आखू नका: 'सर्वोत्कृष्ट' टाकून बघा, रफार वरून किंवा ऋकार खालून कापला जातोय का ते लगेच कळतं.

काम शिकायला महागडं काही लागत नाही. एम्युलेटर (संगणकावर चालणारा नकली टीव्ही) उघडा, डेव्हलपर पर्यायांतून लेआउटच्या सीमा दाखवायचं सेटिंग चालू करा, माऊस बाजूला ठेवा आणि फक्त बाणांच्या कळांवर फिरा. प्रत्येक स्क्रीनसाठी कागदावर चौकोन काढून प्रत्येकातून चार बाण काढा. वर जाऊन परत खाली आल्यावर फोकस आधीच्याच कार्डावर येतो का, यासाठी वेगळ्या शाईचा बाण वापरा, कारण प्रेक्षकाची चिडचिड सर्वांत जास्त तिथेच होते. मुलाखतीला येणाऱ्यांच्या पोर्टफोलिओत चकचकीत पोस्टरं भरपूर असतात, बाणांचा असा एक कागद आणलात तर माझ्यासारखा माणूस आधी तोच हातात घेईल आणि विचारेल, "शेवटच्या कार्डावर उजवीकडे दाबलं तर?"