हॅरी पॉटर परत वाचताय? यावेळी मंत्र्यांवर नजर ठेवा

पहिल्यांदा वाचताना आपण सगळेच हॅरीच्या मागे पळत असतो, पुढे काय झालं एवढंच हवं असतं. दुसऱ्यांदा वाचणार असाल तर पहिल्या भागापासून सुरू करू नका, सरळ चौथा काढा (२००० चा) आणि शेवटची प्रकरणं वाचा. खलनायक वोल्डेमॉर्ट परत आलाय, शाळेतला मास्तर स्नेप बाही वर करून हातावरची त्याच्या टोळीची खूण दाखवतोय, आणि जादू मंत्रालयाचा मंत्री फज ऐकूनच घ्यायला तयार नाही. का, तर खुर्ची.

आता हातात पेन्सिल घ्या आणि प्रत्येक पात्राला एकच प्रश्न विचारा, नको असलेली बातमी कानावर आली की हा माणूस काय करतो? हिरो, व्हिलन, मंत्री, सगळ्यांना हाच.

मग पाचवा भाग (२००३). इथे घाई करू नका. मंत्रालयाने शाळेत पाठवलेल्या अम्ब्रिजबाईंचे फतवे नंबरवार लिहून काढा, मजा येते: २३ नंबरने मास्तरांची तपासणी, २४ ने मुलांचे ग्रुप बंद, २७ ने क्विबलर मासिक सापडलं की शाळेतून हकालपट्टी, २८ ने बाई स्वतःच हेडमास्तर. एकेक सुटा वाचला तर काही वाटत नाही हो, ओळीने वाचले की पोटात गोळा येतो. आणि ही बाई डेथ ईटर, म्हणजे वोल्डेमॉर्टच्या टोळीतली, नाहीच! हॅरीवर डिमेंटर (माणसातला आनंद शोषणारे तुरुंगाचे पहारेकरी) हिनेच सोडले होते, सातव्या भागात सरकार वोल्डेमॉर्टच्या हातात गेलं तरी हिची खुर्ची शाबूत. माझ्या मते हिच्यापुढे वोल्डेमॉर्ट बोअर आहे, तो निदान सरळ सरळ दुष्ट तरी आहे.

फजनंतरचा मंत्री स्क्रिमजर, त्याला मात्र फजच्या पंक्तीला बसवू नका, ही चूक मीपण केली होती. काहीतरी करतोय हे दाखवायला तो बसच्या कंडक्टरला, बिचाऱ्या स्टॅन शनपाइकला आत टाकतो, ख्रिसमसला घरी येऊन हॅरीला गोड बोलून मंत्रालयाचं पोस्टर बनवायला बघतो, ते सगळं खरं. पण पुढे मरताना हॅरीचा पत्ता सांगत नाही. दोन्ही लिहून ठेवा, एक खोडून दुसरं नको.

तीच पेन्सिल मग हॅरीकडे वळवा. क्रुशिएटस हा छळाचा शाप तो दोनदा टाकतो, पाचव्या भागात डेथ ईटर बेलाट्रिक्सवर नीट लागत नाही, सातव्या भागात डेथ ईटर कॅरोवर लागतो आणि शाळेतल्या मॅकगॉनगलबाई चक्क कौतुक करतात. मी इथे दरवेळी अडखळतो, कारण हेच व्हिलनने केलं असतं तर? शाळेचा हेडमास्तर डंबलडोर तरी मंत्रिपद नाकारतो, सत्ता हातात आली की आपण काय करू हे त्याला माहितीये म्हणून. शेवटी हॅरीच्या बाजूचा किंग्जली मंत्री होतो, चांगला माणूस आहे, पण ते सडलेलं मंत्रालय सुधारलं कसं हे कथेत दिसतच नाही, तेवढं कच्चं राहिलंय.

पर्सी, हॅरीच्या मित्राचा, रॉनचा भाऊ, शेवटी ठेवा. मंत्रालयासाठी घर सोडलेला हा पोरगा शेवटच्या लढाईत परततो, वोल्डेमॉर्टचा बाहुला झालेल्या मंत्री थिकनेसवर मंत्र फेकतो आणि वर सांगतो की मी राजीनामा देतोय. त्याचा भाऊ फ्रेड खूश, पर्सीने जोक मारला म्हणून. लगेच पान उलटू नका, पुढे फ्रेडचं काय होतं माहितीये ना.